मोराच्या पोटातून कोल्हा

दिवस पहिला

काजळी खुडूक झाली. अंडी देणं बंद. दाणा टाकला तरी मान वर नाही, आणि कुणी जवळ गेलं की अंग फुगवून कुरकुर. सलीमानं खुराड्यात जुन्या टोपल्यात भुसा घातला. भुशात एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा दडवला, वीज कडाडली तर अंडी दचकू नयेत म्हणून. जानेवारीत वीज कडाडत नाही. पण तिची आई ठेवायची, म्हणून तिनंही ठेवला. मग तेरा अंडी, आणि वर काळी कुळकुळीत काजळी.

दिवाळीला या घरात नऊ कोंबड्या होत्या. मागच्या तुरीतून कोल्हा यायचा आणि एकेक न्यायचा. आता काजळी उरली होती, आणि एक कोंबडा. तो कडुनिंबावर झोपायचा म्हणून वाचला.

सलीमाला दहा कोंबड्या हव्या होत्या. लेक मलिहा दुसरबीडला दिलेली, तिला चौथा महिना. बाळंतपणाला ती माहेरी येईल तोवर या अंड्यांतली पिल्लं पाच महिन्यांची होतील. मग चाळीस दिवस घरच्या गावरान कोंबडीचा रस्सा, दर चार दिवसांनी एक. कोल्ह्यापासून वाचवायच्या त्या यासाठी. काजळीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

नवऱ्याला, गफ्फार मिस्त्रीला, कोंबड्या फिरायच्या त्याच मागच्या अंगणावर पत्र्याचं शेड टाकायचं होतं. त्याचं वेल्डिंगचं दुकान बसस्टँडजवळ आणि घर अमडापूरच्या दुसऱ्या टोकाला. दुपारी जेवायला घरी यायचं, जेवून परत जायचं, आणि झोप राहून जायची. दुकान घरामागं आलं की झोपही घरात येणार होती.

"ब्रॉयलर आणू ना चिखलीहून," तो म्हणाला.

"बाळंतिणीले ब्रॉयलरचा रस्सा पाजता? अन् तिच्या सासूले काय सांगू, बापाले दुपारचं झोपाचं होतं म्हणून?"

शेवटी मधल्या कंबरभर भिंतीपाशी शेजारच्या सुभद्राबाईंना साक्षीला बोलावलं. शर्त ठरली. एकवीस दिवसांनी दहा पिल्लं निघाली तर अंगण कोंबड्यांचं, शेडचं नाव पुन्हा काढायचं नाही. नऊ निघाली तर शेड.

"अन् जाळी कोण मारीन?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"मीच मारतो."

"म्हंजे कोल्हं आलं तं फायदा तुमचा, अन् जाळी बी तुमचीच?"

"काकू, माह्या हातचं काम कच्चं निघालं असा एक माणूस दाखवा अमडापुरात."

सुभद्राबाईंनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनातल्या मनात पाहिलं. माणूस सापडला नाही.


दिवस दुसरा

(एका लग्नपत्रिकेच्या मागं, गफ्फारच्या अक्षरात)

लांबी बारा फूट. रुंदी नऊ. उंची सहा.
अँगल, पट्टी, सळई.
फाटक एक.
मोर एक, मोठा.

(खाली, सलीमाच्या अक्षरात)

कोल्हं एक, बारीक.


दिवस तिसरा

गफ्फारच्या मोराबद्दल सांगायला हवं. खिडकीची ग्रील असो, गच्चीचा जिना असो, कूलरचा स्टँड असो, तो त्यात मोर करायचा. सळई तापवून वळवायची, पिसाऱ्याला गोल गोल कड्या, मान बाकदार, आणि पोटाला एक मोठं कडं. अमडापुरात ज्या घराच्या फाटकावर मोर नाही ते घर भाड्याचं समजत.

कोंबड्यांच्या कुंपणाच्या फाटकावर त्यानं केलेला मोर गावातला सर्वांत मोठा निघाला. संध्याकाळी शेजारचे अर्जुनराव, सुभद्राबाईंचे यजमान, भिंतीवर कोपर टेकून बराच वेळ पाहत राहिले.

"मिस्त्री, हे कोंबड्यासाठी केलं का कलेक्टरसाठी?"

"काम करायचं तं दिसलं पाह्यजे, काका."


दिवस चौथा

काजळी बसलेली.


दिवस पाचवा

काजळी बसलेली. कोंबडा फाटकावर चढून आरवला. लांबून पाहणाऱ्याला मोर आरवल्यासारखा वाटला.


दिवस सहावा

सलीमा पहाटे फजरच्या नमाजला उठली. वजूला, हातपाय धुवायला, मागचं दार उघडलं, तर कोल्हा कुंपणाच्या आत.

तो घाईत नव्हता. खुराड्याच्या दाराला टेकवलेल्या पाट्याला हुंगत होता. हा मसाला वाटायचा जुना दगडी पाटा दोन माणसांशिवाय हलत नाही. कोल्ह्यानं पंजा लावून पाहिला, तो हलला नाही. आतून काजळीची कुरकुर. मग त्यानं मान वळवून सलीमाकडं पाहिलं. इथं आलो आहे तर रिकामं कसं जायचं, अशा विचारात क्षणभर उभा राहिला. खुराड्यावर गफ्फारचा वेल्डिंगचा चामडी हातमोजा वाळत पडला होता. त्यानं तो तोंडात धरला, फाटकापाशी गेला आणि मोराच्या पोटातल्या कड्यातून आधी हातमोजा, मग डोकं, मग सगळं अंग बाहेर. शेपूट तेवढी थोडा वेळ मोराच्या पिसाऱ्यात राहिली. मग तीही गेली.

"उठा."

"काय झालं?"

"कोल्हं आलतं."

"कोंबडी?"

"बसलेली हाये."

"अंडी?"

"तेराच्या तेरा."

"मग मले काऊन उठवून राह्यली?"

"तुमचा हातमोजा घेऊन गेलं."

"कोणता?"

"उजवा."

"...घेऊन गेलं कुठून? फाटकाले तं कुलूप हाये."

"तुमच्या मोराच्या पोटातून."

गफ्फार उठून बसला.


त्याच दिवशी, दुपारपर्यंत

सलीमानं सुभद्राबाईंशिवाय कुणाला सांगितलं नाही. सुभद्राबाईंनीही फक्त तिघींना सांगितलं. तरी बसस्टँडवर गफ्फार डाव्या हातात हातमोजा आणि उजव्या हाताला फडकं गुंडाळून काम करायला बसला, तेव्हा चहावाल्यानं चहा ठेवता ठेवता विचारलं, "मिस्त्री, मोरानं काय दिलं आज? अंडं का कोल्हं?"

ते चाललं असतं. पण पाठोपाठ माणिकराव आले. त्यांच्या घराच्या फाटकावर, मागच्या दारावर आणि बकऱ्यांच्या गोठ्यावर मिळून तीन मोर होते.

"मिस्त्री, एक विचारू? माह्या मोराचं पोट केवढं हाये?"

गफ्फारनं वेल्डिंग बंद केलं, काळी काच कपाळावर घेतली आणि दुपारी दोन वाजता घरी गेला. झोपायला नाही. टेप घेऊन मोराच्या पोटापुढं उकिडवा बसला. कडं वीतभर होतं. कड्याला तांबूस केस चिकटले होते.

"चौकट मी पाह्यली, कुलूप पाह्यलं, बिजागरी पाह्यली," तो म्हणाला. "मोराकडं कोणी कोल्ह्याच्या नजरेनं पाह्यते का?"

"कोल्हं पाह्यते," सलीमा म्हणाली.

त्या दुपारपासून शर्तीत गडबड झाली. कोल्ह्यानं काजळीला नेलं असतं तर गफ्फारचं शेड झालं असतं. पण कोल्ह्यानं हातमोजा नेला होता, तोही गफ्फारच्या कामातून जाऊन. शेड पाहिजे होतं. कोल्हा हरलाही पाहिजे होता. दोन्ही एकदम कसं व्हायचं, यावर गफ्फारनं विचार केला नाही. तो जाळी कापायला बसला.


दिवस सातवा

मोराच्या पोटात बारीक चौकोनी जाळी बसली. पिसाऱ्याच्या कड्यांतही. मोर जेवून उठल्यासारखा दिसायला लागला.


दिवस आठवा

अंडी पाहायचा दिवस. दार लावून खोलीत अंधार केला. सलीमा एकेक अंडं मोबाइलच्या उजेडावर धरत गेली. आत लाल रेषांचं जाळं दिसलं की अंडं भरलेलं. अकरा भरलेली निघाली. दोन नुसती पिवळी, रिकामी.

गफ्फारला पाहायला बोलावलं होतं, कारण नंतर भांडण नको.

"अकरा," सलीमा म्हणाली. "दहा पाह्यजे. एक जास्तीचं हाये."

गफ्फारनं एक अंडं हातात मागितलं. उजेडावर धरलं. आत काहीतरी हललं.

"हे काय?"

"पिल्लू."

"एवढंसं?"

"मलिहाचं बी सध्या एवढंसंच असन."

त्यानं ते अंडं परत दिलं. दोन्ही हातांनी.


दिवस नववा

कोल्हा खालून आला.

म्हणजे येत होता. सकाळी फाटकाच्या डाव्या बाजूला, जाळीच्या अगदी बुडाशी, हातभर खोल खड्डा. माती बाहेर फेकलेली, ताजी, ओली. आणखी वीतभर उकरलं असतं तर आत. का थांबला कोण जाणे. कदाचित उजाडलं असेल.

गफ्फार म्हणाला, "आता करंटच सोडतो जाळीत. शेतात रानडुकराले झटका मशीन लावतेत तसं."

"अन् मी दाणा टाकाले गेली तं?"

"तू बंद करून जाजो."

"अन् काकूची बकरी टेकली तं? अन् उद्या मलिहा येईन, पोटुशी बाई, ओले कपडे वाळत घालीन ते कुठं? नाही. करंट नाही."

ती खड्ड्यापाशी बसली. बराच वेळ बसली. तिनं आयुष्यात खूप खड्डे पाहिले होते, उंदरांचे, घुशींचे, मुंगसाचे. हाही तसाच होता. ज्याला आत जायचं असतं तो अडतो तिथंच उकरतो. दोन पावलं मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही.

"जाळी खाली गाडा," ती म्हणाली. "चार बोटं खाली. अन् मग बाहेरच्या अंगाले वळवा. हातभर आडवी. जमिनीत झोपवा. वरून माती टाका."

"आडवी कायले?"

"ते बुडाशीच उकरीन. उकरलं का पंजाखाली जाळी. मागं सरायचं त्याले कळत नाही."

गफ्फारला पटलं, आणि पटलं म्हणूनच वाईट वाटलं.

"सगळी जाळी मातीखाली?"

"हाव."

"म्हंजे दिसणार नाही काहीच."

"कोल्ह्याले कळीन."

"लोकाले काय कळीन पण? चार दिवस मेहनत करायची अन् वर माती?"

"लोक येणार हाये का अंडे खाले?"


दिवस दहावा, अकरावा, बारावा

त्यानं खणलं. फाटकासमोर, मागं, भिंतीच्या बाजूला. उजव्या हाताला फडकं, डाव्याला हातमोजा. जाळीच्या प्रत्येक जोडावर वेल्डिंगचा टाका. जिथं एक टाका पुरे होता तिथं तीन. सांधा घासून गुळगुळीत केला. तोही मातीखाली जाणार होता. सव्वीस वर्षांच्या कामात न दिसणारं काम त्यानं पहिल्यांदा केलं, आणि त्याचा हात दिसणाऱ्या कामापेक्षा हळू चालला. एकही मोर केला नाही. दोनदा करायची इच्छा झाली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी माती सारखी करून झाली तेव्हा कुंपण आधीसारखंच दिसत होतं.

अर्जुनराव भिंतीवर आले. "काय केलं मिस्त्री तीन दिवस?"

गफ्फारनं मातीकडं हात केला.

अर्जुनरावांनी माती पाहिली. "चांगली झाली," ते म्हणाले.


दिवस तेरावा

बुडाशी पंजाचे ओरखडे. चार बोटं खोल, खाली जाळी. दुसऱ्या कोपऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. गफ्फारनं सलीमाला बोलावून तिन्ही दाखवले. मग सुभद्राबाईंना बोलावून दाखवले. मग चहावाल्याला मोबाइलवर फोटो पाठवला. त्याला फोटोत फक्त माती दिसली.


दिवस चौदावा

काजळी बसलेली. ओरखडे नाहीत.


दिवस पंधरावा

ओरखडे नाहीत.


दिवस सोळावा

"सलीमा," भिंतीवरून अर्जुनराव, "कोल्हं काऊन येत नाही गं आजकाल?"

"येऊन काय करीन काका? जाळी झाली ना."

"नाही, जाळी चांगलीच केली. पण एवढी चांगली करायची गरज होती का?"

सलीमानं हातातलं सूप खाली ठेवलं.

त्याचं असं होतं. सकाळी उठल्या उठल्या कोल्ह्याचं तोंड दिसलं तर दिवस चांगला जातो, हे अर्जुनरावांना लहानपणापासून माहीत होतं. पण तोंड दिसत नव्हतं. दिवाळीपासून सलीमाच्या कोंबड्यांमुळं ते अधूनमधून दिसायला लागलं. पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी महिनाभर जळून पडलेली विजेची डीपी दुरुस्त झाली. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा हरवलेली गाय आपली आपण घरी आली, तीही गाभण होऊन. तिसऱ्यांदा तर त्यांच्या हर्षलच्या स्थळाचा फोन आला.

हर्षल म्हणजे त्यांचा मुलगा. वय एकतीस, बारा एकर ओलिताखाली, स्वभाव गरीब. सात मुलींनी पाहिला होता. सातही घरांतून एकच निरोप आला होता, पोरगं चांगलं हाये पण शेती करते. आता आठवी. एकविसाव्या दिवशी सकाळी शेगावला जायचं, महाराजांचं दर्शन घ्यायचं, तिथंच दोन्हीकडची माणसं भेटणार.

"अन् त्या दिवशी कोल्हं नाही दिसलं तं?" अर्जुनराव म्हणाले.

"आमच्या आठ कोंबड्या गेल्या त्यात, काका. तुमची डीपी सुधरली, गाय आली, पोराले स्थळ आलं, ते आमच्या कोंबड्यांवर."

अर्जुनरावांना हे आधी सुचलं नव्हतं. ते भिंतीवरून खाली उतरले.


दिवस अठरावा

तुरीच्या कडेला पत्रावळीवर बोरं. कोल्हा बोरं खातो, हे खरं आहे. अर्जुनरावांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं दुसरं काही ठेवणं शक्य नव्हतं. सुभद्राबाईंच्या बकरीनं सगळी खाल्ली आणि दिवसभर पुढच्या वाढणीची वाट पाहत तिथंच उभी राहिली.


दिवस विसावा

अर्जुनराव कधी पुढच्या दारानं येत नसत. त्या संध्याकाळी आले, टोपी घालून, मागं सुभद्राबाई. खुर्चीवर बसले. पाणी प्यायले.

"मिस्त्री, एक काम होतं."

"बोला ना काका."

"उद्या सकाळी कोल्हं पाह्यजे."

गफ्फारनं सलीमाकडं पाहिलं.

"थोडं फाटक उघडं ठेवा," अर्जुनराव म्हणाले. "एवढंसं. ते आलं का मी पाह्यतो, अन् लगेच हाकलतो. मी भिंतीवर उभाच असतो. काठी घेऊन."

"काका, उद्या एकविसावा दिवस हाये," सलीमा म्हणाली.

"आमचा बी उद्याच हाये, पोरी."

"आठवी हाये," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी यांले म्हणलं, पोराले जरा बोलाले शिकवा. हे कोल्ह्यालेच शोधून राह्यले."

मागच्या दारातून बारीक, ओला आवाज येत होता. सलीमा उठून खुराड्यापाशी जाऊन आली.

"अंड्यात बोलून राह्यले पिल्लं," ती म्हणाली. "फाटक मी उघडणार नाही. टीचभर बी नाही. पण एवढा आवाज झाल्यावर कोल्हं आपोआप येईन. बाहेरच राहीन, जाळीपाशी. तुम्हाले तोंडच पाह्यजे ना?"

"तोंडच."

"अन् खात्री पाह्यजे असन तं..." तिनं गफ्फारकडं वळून पाहिलं. "तुमचा डावा हातमोजा कुठं हाये?"

"नाही," गफ्फार म्हणाला.

"एक घेऊन गेलं तं दुसरा नाही सोडणार ते. जाळीपासून चार हात लांब ठेवू."

"एकच राह्यला माह्याकडं."

"एका हातमोज्याचं करता काय तुम्ही? फडकंच गुंडाळता ना."

गफ्फार उठला, मागच्या दारापर्यंत गेला, परत आला. "अन् बोलावून आणल्यावर जाळी नाही टिकली तं?"

हे आपण विचारलं, याचं त्यालाच नवल वाटलं. जाळी टिकली नाही तर शेड त्याचं होतं.

"टिकते," सलीमा म्हणाली. "तुम्ही केली हाये ना."

गफ्फारनं हातमोजा आणून टेबलावर ठेवला. सुभद्राबाईंनी तो दोन बोटांनी उचलून पिशवीत घातला.


दिवस एकविसावा

उजाडता उजाडता. शेगावची जीप दारात उभी, इंजिन चालू. भिंतीच्या पलीकडं रांगेत अर्जुनराव नव्या धोतरात, सुभद्राबाई, आणि इस्त्रीच्या शर्टात हर्षल. भिंतीच्या अलीकडं सलीमा आणि गफ्फार. खुराड्यात चिवचिव. तूर उभी, दवानं जड.

कोल्हा आला.

हातमोज्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. थेट जाळीकडं गेला आणि बुडाशी उकरायला लागला. माती मागं उडाली. चार बोटं खाली जाळी. तो दोन फूट सरकला, पुन्हा उकरलं, पुन्हा जाळी. गफ्फार श्वास धरून उभा होता. ओठ हलत होते. टाके मोजत असावा.

"दिसलं का?" सुभद्राबाई कुजबुजल्या.

"दिसलं," अर्जुनराव म्हणाले, "पण तोंड इकडं नाही."

खरंच नव्हतं. भिंतीकडं कोल्ह्याची पाठ होती. शेपूट आणि ढुंगण, आणि मधूनमधून माती.

"पाठीनं नाही चालत का?" हर्षलनं विचारलं.

"तोंडच लागते."

अर्जुनराव खोकले. कोल्हा उकरत राहिला. अर्जुनराव पुन्हा खोकले, या वेळी मोठ्यानं. कोल्ह्याचा एक कान फिरला, तोंड नाही. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. अर्जुनराव धोतर सावरत भिंतीच्या कडेकडेनं पुढं निघाले, दुसऱ्या बाजूनं तोंड गाठायला. ते तिकडं पोचले तोवर कोल्हा तिसऱ्या कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून बसला होता.

"सात पोरींनी असंच केलं," सुभद्राबाई म्हणाल्या.

हर्षल हसला. नव्या शर्टात तो सकाळपासून पहिल्यांदा हसला.

चौथा कोपरा. जाळी. कोल्हा थांबला. उकरलेल्या मातीकडं पाहिलं, खुराड्याकडं पाहिलं. काजळीनं आतून एक लांब कुरकुर केली. मग तो वळला, चार हात चालत गेला, हातमोजा उचलला आणि तोंड वर करून सरळ अर्जुनरावांकडं पाहिलं. हातमोज्याची पाच बोटं जबड्यातून खाली लोंबत होती. अर्जुनरावांनी हात जोडले. कोल्हा तुरीत गेला.

"तोंडावर हातमोजा होता," सुभद्राबाई म्हणाल्या. "चालते का?"

"डोळे दिसले ना," अर्जुनराव म्हणाले आणि जीपकडं धावले.

गफ्फार कुंपणाभोवती फिरला. चारही कोपऱ्यांत वाकला. बोटांनी माती बाजूला करून टाके पाहिले. एकही सुटला नव्हता.

"जोडी झाली त्याची," तो म्हणाला.


तोच दिवस, पुढं

तो दुकानात गेला नाही. दुपारपर्यंत सात पिल्लं निघाली होती, काळी पाच, तांबडी दोन. तीन वाजता नऊ. दोन अंडी उरली. एक गप्प होतं. सलीमानं कानाला लावलं आणि बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर चांदणीसारखा एक तडा, आतून टकटक, आणि मग बराच वेळ काही नाही.

गफ्फार खुराड्यापुढं पाट्यावर बसला होता.

"थकलं असन."

"असन."

"बारीक छिन्नीनं बाहेरून एक टवका काढू का? एवढासाच."

"हात लावू नका. बाहेरून फोडलं का मरते. त्याचं काम त्याले करू द्या."

त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. मधे फोन वाजला. शेगावहून सुभद्राबाई. त्यांचा आवाज अंगणभर ऐकू येत होता. हर्षल दहा मिनिटं काहीच बोलला नाही म्हणे. मग बोलायला काही नव्हतं म्हणून मोराची आणि कोल्ह्याची गोष्ट सांगितली. मुलीनं विचारलं, मग मोराचं पोट कशानं बुजवलं? त्यानं तेही सांगितलं. दोघं पाऊण तास बोलले. मुलीकडचे परवा घर पाहायला येतात.

"काका काय म्हणाले?" सलीमानं विचारलं.

"हे म्हणतेत, कोल्ह्याचं तोंड. मी म्हणलं, तुमच्या पोराचं बी तोंड उघडलं त्यानं."

फोन ठेवला. ऊन भिंतीवर चढलं. असरची नमाज झाली. गफ्फार परत येऊन पाट्यावर बसला. टकटक पुन्हा सुरू झाली, हळू, मग थोडी जोरात. तडा फिरत फिरत अंड्याला वळसा घालून आला. टोपण उचललं गेलं आणि एक ओलं, काळं, कुरूप पिल्लू भुशात कलंडलं.

"दहा," गफ्फार म्हणाला.

मग आपण काय मोजलं ते त्याच्या लक्षात आलं. तो थोडा वेळ अंगणाकडं पाहत राहिला, जिथं पत्रा पडणार होता तिकडं.

"तू काऊन नाही बोलली?"

"तुम्ही मोजून राह्यले होते."

कडुनिंबावरून कोंबडा अचानक खाली उतरला आणि कुंपणाच्या कडेला दबून बसला. गफ्फारनं वर पाहिलं. आभाळात एक घार, पंख न हलवता, गोल फिरत होती. त्यानं कुंपणाकडं पाहिलं. चारही बाजू बंद, खालून बंद, वरून उघडं.

त्यानं खिशातून टेप काढली.


दिवस बाविसावा

(त्याच लग्नपत्रिकेच्या मागं, उरलेल्या जागेत, गफ्फारच्या अक्षरात)

लांबी बारा फूट. रुंदी नऊ.
वरची जाळी, बारीक.
मोर एक, आडवा. पोट बंद.

(सलीमाच्या अक्षरात)

वरून कोणाले दिसीन?

(गफ्फारच्या अक्षरात)

घारीले.